एक आकडा उलटला आणि कंटेनर अडला

परदेशी जाणारा माल जहाजातून जातो खरा, पण त्याच्या पुढे-मागे कागदांचा एक तांडा चालत असतो. त्यातला एक कागद अडखळला, की सारा माल जागच्या जागी थांबतो. अशी चूक झाली तर ती दुरुस्त कशी होते, कुठवर होते आणि त्यासाठी हाताशी काय असावे लागते, याची ही माहिती.

मार्च महिन्यातली दुपार. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातले एखादे द्राक्ष बागायतदार कुटुंब डोळ्यांसमोर आणा. थोरला भाऊ बाग पाहतो. धाकटा पॅकहाउस आणि गाड्या सांभाळतो. धाकट्याची बायको वाणिज्य शाखेची पदवीधर. ती पॅकहाउसच्या छोट्या कचेरीत बसून निर्यातीची कागदपत्रे तयार करते. पहाटेच त्यांचा शीतकंटेनर न्हावा शेवा बंदराकडे रवाना झाला आहे. आत पाच-पाच किलोंच्या २,६५० पेट्या आहेत. घड तोडण्यापासून पेटी बंद होईपर्यंत कुठे कसूर झालेली नाही. महिनाभराच्या धावपळीनंतर घरात जरा निवांतपणा आहे. एवढ्यात नवी मुंबईहून कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटाचा फोन येतो.

"ताई, तुमच्या इन्व्हॉइसवर पेट्या २,५६० आहेत. पॅकिंग लिस्टवर आणि शेतकी खात्याच्या दाखल्यावर २,६५०. खरं काय धरायचं? शिपिंग बिल तर मी इन्व्हॉइसवरून कालच भरलंय."

तिच्या पोटात धस्स होते. सहा आणि पाच हे दोन आकडे टाइप करताना उलटे पडले आहेत. फरक फक्त नव्वद पेट्यांचा. पण साडेचारशे किलो द्राक्षे एका कागदावर आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत. जहाज दुसऱ्या दिवशी रात्री सुटणार आहे. ते चुकले तर पुढच्या फेरीची वाट पाहायची, आणि तोवर कंटेनरच्या शीतयंत्राचे मीटर पळतच राहणार.

थोरला भाऊ वैतागून म्हणतो, "माल खरा, वजन खरं, गिऱ्हाईक खरं. मग एका आकड्यासाठी गाडी का उभी?"

हे कुटुंब कल्पनेतले असले, तरी त्या थोरल्या भावाचा प्रश्न खरा आहे. निर्यात-आयात करणाऱ्या कुणालाही तो कधी ना कधी पडतोच.

मालाआधी कागद

याचे उत्तर शोधायचे, तर आधी कागदांची साखळी समजून घ्यायला हवी. सुरुवात होते विक्रेत्याच्या बिलापासून, म्हणजे इन्व्हॉइसपासून. माल काय, किती, कोणत्या भावाने आणि कुणाला, हे त्यावर असते. पॅकिंग लिस्टवर पेटीगणिक तपशील असतो. या दोन्हींवरून कस्टम्स एजंट संगणकावर शिपिंग बिल भरतो. मुंबईच्या बाजारात जुन्या सवयीने त्याला अजूनही 'सीएचए' म्हणतात. २०१३ पासून कायद्याने त्याचे नाव कस्टम्स ब्रोकर झाले आहे. शिपिंग बिल तपासून अधिकारी माल बाहेर नेण्याचा हुकूम देतो. माल जहाजावर चढला, की जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते. ही मालाची पावती तर आहेच, शिवाय ते पलीकडच्या बंदरात माल ताब्यात घेण्याचे हक्कपत्रही आहे. द्राक्षांसारख्या मालाला त्यावर कीड-रोग नसल्याचा दाखला लागतो. आणि जहाज कंपनी त्यावरच्या सर्व मालाची यादी कस्टम्सला देते.

आयातीची साखळी उलट्या दिशेने चालते. जहाज येण्याआधी कंपनी मालाची यादी देते आणि माल मागवणारा बिल ऑफ एन्ट्री भरतो. दोन्ही जुळले, कर भरला, तपासणी झाली, की माल सुटतो.

गंमत अशी, की यातला प्रत्येक कागद वेगळा माणूस वेगळ्या ठिकाणी बसून करतो. बिल निफाडला, शिपिंग बिल नवी मुंबईत, दाखला शेतकी खात्यात, बिल ऑफ लेडिंग जहाज कंपनीच्या कचेरीत. अधिकाऱ्याला माल क्वचितच उघडून पाहता येतो. तो पाहतो ते कागद. त्याच्या दृष्टीने सगळे कागद एकच गोष्ट सांगत असतील, तर ती गोष्ट खरी असण्याचा संभव मोठा. दोन कागद दोन गोष्टी सांगू लागले, की एक तरी खोटी आहे, एवढे त्याला कळते. ती कोणती, हे मात्र कळत नाही. थोरल्या भावाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

यात चुकीला जागा किती बारीक असते, ते पाहा. जगभरच्या व्यापारी मालाला सांकेतिक क्रमांक देणारी एक पद्धत आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने केलेली ही यादी १९८८ पासून अमलात आहे. त्यातले पहिले सहा आकडे साऱ्या जगात सारखे. आपल्याकडे त्यापुढे आणखी दोन जोडून आठ होतात. ताज्या द्राक्षांचा क्रमांक ०८०६ १० ने सुरू होतो आणि सुकवलेल्या द्राक्षांचा ०८०६ २० ने. मधला एकाचा दोन झाला, की कागदावर द्राक्षांचा बेदाणा झालाच! मग कर वेगळा, दाखले वेगळे आणि प्रश्नही वेगळे.

कंटेनरच्या क्रमांकात अशी चूक पकडायची सोय मात्र मोठ्या चतुराईने करून ठेवली आहे. कंटेनरवर चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सुटा आकडा असतो. हा सुटा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून हिशेबाने काढलेला असतो. मधला एखादा आकडा चुकला, की हिशेब बहुधा जुळत नाही आणि संगणक तिथेच बोट ठेवतो. पेट्यांच्या संख्येला असा पहारेकरी नसतो. २,५६० हाही एक बरोबर दिसणारा आकडाच असतो.

शेंगदाण्याचे गाजलेले प्रकरण

कागदावरचा शब्द किती कठोरपणे वाचला जातो, याचे एक जुने उदाहरण जगभरच्या बँकांच्या प्रशिक्षणात सांगितले जाते. त्याचा संबंध भारताच्या पूर्व किनाऱ्याच्या नावाशी आहे. १९४० च्या सुमारास डेन्मार्कमधल्या एका कंपनीने सुमारे १,४०० टन 'कोरोमंडल शेंगदाणे' खरेदी करायचे ठरवले. पैसे लंडनची हॅम्ब्रोज बँक देणार होती. तसे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेचे पतपत्र, निघाले. विक्रेत्याने माल पाठवला. त्याच्या बिलावर शब्द होते 'कोरोमंडल शेंगदाणे'. पण बिल ऑफ लेडिंगवर होते 'यंत्राने सोललेले शेंगदाणे'.

शेंगदाण्याच्या व्यापाऱ्यांना विचारले असते, तर दोन्ही एकच असे त्यांनी सांगितले असते. बँकेने तरीही पैसे द्यायला नकार दिला. प्रकरण इंग्लंडच्या अपील न्यायालयात गेले. १९४३ च्या निकालसंग्रहात छापलेला तो निकाल बँकेच्या बाजूने आहे. बँक शेंगदाण्याचा व्यापार करत नाही. ती कागदांचा व्यवहार करते. बाजारात कोणत्या मालाला काय म्हणतात, हे माहीत असण्याचे बंधन तिच्यावर नाही, असा त्याचा मथितार्थ.

आज नियम थोडे सैल आहेत. पतपत्रांचे आंतरराष्ट्रीय नियम २००७ मध्ये नव्याने लागू झाले. त्यांनुसार इतर कागदांवर मालाचे वर्णन ढोबळ असले तरी चालते. फक्त ते पतपत्राशी विसंगत नसावे. बिलावरचे वर्णन मात्र पतपत्राशी जुळलेच पाहिजे. कागद तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस मिळतात आणि साधारणपणे माल रवाना झाल्यापासून एकवीस दिवसांत कागद बँकेत पोचावे लागतात. चूक दुरुस्त करायची ती याच मुदतीत. मुदत टळली, की खरेदीदाराच्या मर्जीवर बसायचे. त्यातून बाजारभाव उतरला असेल, तर तोच खरेदीदार कागदातली चूक दाखवून भाव पाडून मागतो.

दुरुस्तीच्या तीन पायऱ्या

चूक केव्हा लक्षात येते, यावर तिची किंमत ठरते. पहिली पायरी कागद दाखल होण्यापूर्वीची. शिपिंग बिल किंवा बिल ऑफ एन्ट्री पाठवण्याआधी एजंट एक छापील तपासयादी काढतो. जहाज कंपनीही बिल ऑफ लेडिंगचा कच्चा मसुदा पाठवते. या टप्प्यावर केलेली दुरुस्ती बहुधा फुकटात होते. पण घाईच्या दिवसांत हीच यादी न वाचता "ओके" असा निरोप जातो आणि पुढचे रामायण तिथून सुरू होते.

दुसरी पायरी कागद दाखल झाल्यानंतरची, पण माल बाहेर पडण्यापूर्वीची. आता कागद सरकारदरबारी गेलेला असतो. आपल्या हाताने तो बदलता येत नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १४९ खाली दुरुस्तीची परवानगी मागावी लागते. चूक काय, का झाली आणि खरे काय, हे लिहून द्यायचे. सोबत पुरावा जोडायचा आणि ठरलेली फी भरायची. परवानगी देणे-न देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर असते.

तिसरी पायरी सर्वांत अवघड. माल निघून गेला आहे किंवा आयात माल सुटून दुकानात पोचला आहे. आता पेट्या पुन्हा मोजता येत नाहीत. इथे कलम १४९ एक महत्त्वाची अट घालते. माल सुटला किंवा बाहेर गेला, त्या वेळी जो कागदोपत्री पुरावा अस्तित्वात होता, त्याच्याच आधारे दुरुस्ती होईल. नंतर तयार केलेल्या कागदावर नाही.

ही अट साऱ्या विषयाची किल्ली आहे. पंधरा दिवसांनी नवे बिल छापून "हेच खरे" म्हणता येत नाही. त्या दिवशीची वजनकाट्याची पावती, पॅकहाउसच्या नोंदवहीतले पान, खरेदीदाराची त्या आधीची मागणी, ट्रकची बिल्टी, गिऱ्हाइकाला पाठवलेला तारखेसह निरोप हेच कामाला येते. ज्याने हे कागद जपले, त्याला वाट असते. ज्याने कंटेनर गेला म्हणून टोपलीत टाकले, त्याचे खरेसुद्धा सिद्ध होत नाही.

चूक आपल्याकडून न होता अधिकाऱ्याच्या हुकुमातच झाली, तर काय? हिशेबाची किंवा लेखनाची अशी चूक कलम १५४ खाली केव्हाही दुरुस्त करता येते. आणि कर जादा भरला गेला, तर नुसता परताव्याचा अर्ज करून भागत नाही. मूळ कागदावरची आकारणी आधी बदलून घ्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले. ती बदलून घ्यायला अपिलाखेरीज कलम १४९ आणि १५४ चा मार्गही खुला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. म्हणजे पुन्हा तेच. आधी कागद नीट करा, मग पैसे मागा.

'टायपिंगची चूक' यावर विश्वास का बसत नाही?

एखाद्या सरळ माणसाला इथे अपमान वाटतो. आपण चोर आहोत का? पण कस्टम्सच्या खुर्चीतून पाहिले, तर दुसरी बाजू दिसते. महाग माल स्वस्त दाखवणारा, जास्त आणून कमी सांगणारा किंवा न पाठवलेल्या मालावर सवलत उकळू पाहणारा माणूस पकडला गेला, की त्याचे पहिले वाक्य हेच असते, "साहेब, टायपिंगची चूक झाली."

कायद्यानुसार नोंदीशी न जुळणारा माल जप्तीला पात्र ठरू शकतो आणि दंडही होऊ शकतो. म्हणून दुरुस्तीचा अर्ज वाचताना अधिकारी दोन गोष्टी पाहतो. या चुकीने अर्जदाराचा फायदा होत होता का? आणि चूक कुणी आधी सांगितली, त्याने की आम्ही? जहाजाच्या मालयादीतली चूक दुरुस्त करण्याचे कलम तर उघडच सांगते, की फसवणुकीचा हेतू नव्हता अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे.

हेतू माणसाच्या मनात असतो. कागदावर तो दिसतो फक्त वेळेवरून. तपासणीपूर्वी आपणहून सांगितलेली चूक ही चूक राहते. सापडल्यावर कबूल केलेली तीच चूक संशय होते. २०२५ च्या वित्त कायद्याने सीमाशुल्क कायद्यात जे नवे कलम १८-अ घातले, त्यामागेही हाच विचार आहे. माल सुटल्यानंतरही आपणहून नोंद सुधारण्याची सोय त्यात आहे. मात्र झडती, जप्ती किंवा लेखापरीक्षण सुरू झाल्याचे कळवले गेले, की हा दरवाजा बंद होतो.

पूर्वी यासाठी माणूस फायली काखोटीला मारून बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसच्या पायऱ्या चढे. टेबलामागून टेबल फिरे. १९९५ पासून कस्टम्समध्ये संगणकी नोंदणी सुरू झाली आणि हळूहळू खिडक्या कमी झाल्या. २०२० पासून तर आयातीची आकारणी 'फेसलेस' झाली. माल न्हावा शेव्याला उतरला, तरी कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. हात जोडून समजावून सांगण्याची सोय त्यामुळे कमी झाली. जे सांगायचे, ते लिहून आणि पुराव्यासह. स्पष्ट, मोजक्या वाक्यांत लिहिलेला अर्ज ही आता नुसती औपचारिकता राहिलेली नाही.

२०१७ चा धडा

कागद न जुळल्याने काय होते, याचा अनुभव देशभरच्या हजारो निर्यातदारांनी एकाच वेळी घेतला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला. निर्यातीवर भरलेला एकात्मिक कर परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज नको. शिपिंग बिल हाच अर्ज समजावा, अशी सोयीची योजना होती. जीएसटीचा संगणक आणि कस्टम्सचा संगणक आपापसांत कागद जुळवणार आणि पैसे खात्यात जमा होणार!

घडले ते वेगळेच. अनेक कारखानदारांकडे दोन बिले असत. एक जीएसटीसाठीचे आणि दुसरे परदेशी गिऱ्हाइकासाठीचे निर्यातीचे. दोन्हींचे क्रमांक वेगळे. विवरणपत्रात पहिला क्रमांक गेला, शिपिंग बिलात दुसरा. कुणाचा एखादा तिरपा दंड राहिला, कुणाचे एक शून्य. माणसाने पाहिले असते, तर क्षणात ओळखले असते. संगणकाला ते दोन वेगळे व्यवहार वाटले. त्याने 'एसबी ००५' असा त्रुटीचा शिक्का मारला आणि परतावा अडवला. हा सांकेतिक शब्द त्या वर्षी छोट्या निर्यातदारांच्या घराघरांत पोचला. मोठ्या कंपन्यांनी कळ काढली. पण ज्यांचे भांडवलच त्या परताव्यात अडकले, त्यांना मजुरीसाठी आणि कच्च्या मालासाठी व्याजाने पैसे काढावे लागले. माल गेला, गिऱ्हाइकाचे पैसेही आले. अडकला तो आपलाच कर.

तोडगा निघाला, तोही कागदाचाच. फेब्रुवारी २०१८ मध्ये अधिकाऱ्यांना हाताने जुळवणी करण्याची मुभा मिळाली. निर्यातदाराने एक तक्ता द्यायचा. एका रकान्यात जीएसटी बिलाचा क्रमांक, समोरच्या रकान्यात शिपिंग बिलातला क्रमांक. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मेअखेर ते जूनमध्ये कस्टम्सने खास परतावा पंधरवडे पाळले. ज्यांच्याकडे दोन्ही बिलांच्या प्रती नीट लावलेल्या होत्या, त्यांना तक्ता बनवणे सोपे गेले. बाकीच्यांना आधी जुनी दप्तरे उपसावी लागली.

आपल्या घरापर्यंत आलेला कागद

हे सारे व्यापाऱ्यांचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे वाटू शकते. पण परदेशातली नोकरी संपवून घरी परतणारे कुटुंब सामान कंटेनरने पाठवते, तेव्हा तेही या साखळीत येते. तिथे सर्वांत जास्त घोळ होतो नावाचा. पासपोर्टवर बाईंचे माहेरचे नाव, सामानाच्या कागदावर सासरचे. पासपोर्टवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, बिल ऑफ लेडिंगवर नुसते आद्याक्षर. परदेशी कारकुनाला आडनाव कोणते हेच कळत नाही आणि तो उलटसुलट लिहितो. सामान बंदरात येते, पण ते कुणाचे, हे कागद सांगत नाही. मग तिकडच्या कचेरीतून दुरुस्तीचा निरोप, इकडे जहाजाच्या मालयादीत बदल आणि कस्टम्सची मंजुरी. हे होईपर्यंत बंदराचे जागाभाडे आणि कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार दिवसागणिक चढत जातो. भांडीकुंडी आणि पुस्तकांच्या किमतीपेक्षा भाडे जास्त होण्याची वेळ येते.

हे टाळणे तसे सोपे आहे. सामान बांधणाऱ्याला पासपोर्टची प्रत द्यायची. नाव अक्षरशः तसेच लिहून घ्यायचे आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा स्वतः वाचायचा.

दिवाळीच्या फराळाच्या पार्सलाचेही तसेच. टपालाने परदेशी पाठवायच्या वस्तूंवर कस्टम्सचा फॉर्म असतो. २०२१ पासून हा तपशील पार्सलाच्या आधी संगणकाने पुढच्या देशाला कळवण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेच्या नियमांत आले आहे. 'खाऊ' किंवा 'घरगुती वस्तू' एवढेच लिहिले, तर पलीकडच्या अधिकाऱ्याला काहीच बोध होत नाही. बेसनाचे लाडू किती, चकली किती, वजन काय, अंदाजे किंमत काय, हे लिहिलेले बरे. भेटवस्तू आहे म्हणून किंमत शून्य लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. शून्य किमतीची वस्तू कस्टम्सच्या जगात नसते. आणि फॉर्मवर लिहिलेले एकदा विमानात बसले, की ते बदलणे फार अवघड.

पुन्हा निफाडच्या कचेरीत

आता त्या नव्वद पेट्यांकडे वळू. फोन ठेवल्यावर त्या सूनबाई पहिली गोष्ट करतात ती म्हणजे खरे काय ते ठरवणे. घाईत कोणताही एक आकडा दुसऱ्यासारखा करून टाकणे हा मोह मोठा असतो. २,५६० सगळीकडे लिहून टाकले, तर कागद जुळतील. पण कंटेनर उघडला, तर नव्वद पेट्या जास्त निघतील, आणि मग ती चूक राहणार नाही. त्या पॅकहाउसची नोंदवही काढतात. प्रत्येक पॅलेटवर किती पेट्या चढल्या, याची आदल्या दिवशीची नोंद त्यात आहे. बेरीज २,६५० येते. वजनकाट्याची पावतीही त्याच्याशी जुळते. शेतकी खात्याच्या दाखल्यावरही तोच आकडा आहे. तीन कागद एका बाजूला, चुकीचे बिल एकटे दुसऱ्या बाजूला.

मग त्या सुधारलेले बिल, पॅलेटची नोंद, काट्याची पावती आणि दाखल्याची प्रत एजंटाकडे पाठवतात. सोबत चार ओळींचे पत्र. बिल टाइप करताना आकडे उलटे पडले. बाकीचे सर्व कागद मूळचेच आहेत. माल बंदरात आहे, हवी तर मोजणी करावी. हे शेवटचे वाक्य फार मोलाचे. मोजायला या असे म्हणणाऱ्याकडे लपवण्यासारखे काही नसते.

एजंट दुरुस्तीचा अर्ज दाखल करतो. तिकडे जहाज कंपनीलाही आकडा कळवावा लागतो, कारण युरोपीय संघाच्या नियमांनुसार तिकडे जाणाऱ्या कंटेनरमधल्या मालाचा तपशील जहाजावर चढवण्याच्या चोवीस तास आधी पोचवायचा असतो. एक आकडा दुरुस्त करायचा म्हणजे तो जिथे जिथे गेला, त्या प्रत्येक ठिकाणी दुरुस्त करायचा. शिपिंग बिलात सुधारला आणि बिल ऑफ लेडिंगमध्ये राहिला, तर आज मुंबईत मिटलेले भांडण महिन्याने रॉटरडॅमला उभे राहते.

मंजुरी वेळेत मिळाली, तर कंटेनर त्याच जहाजाने जाईल. नाही मिळाली, तर पुढच्या. अशा वेळी कुणीही हमी देऊ शकत नाही. पण संध्याकाळी थोरला भाऊ पुन्हा तोच प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर हाताशी आहे. गाडी आकड्यासाठी उभी नव्हती. कोणता आकडा खरा, हे सांगणाऱ्या कागदासाठी उभी होती. आणि तो कागद घरातच होता.

पुढच्या कंटेनरपासून त्या कचेरीत एक साधा रिवाज पडला, तर त्याला खर्च काहीच नाही. बिल झाले, की ज्याने ते टाइप केले त्याने स्वतः तपासायचे नाही. एकाने पॅकिंग लिस्ट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने बिलावर बोट ठेवत जायचे. दोन हजार सहाशे पन्नास. दोन, सहा, पाच, शून्य. दहा मिनिटांचे काम. पूर्वी पेढ्यांवर मुनीम खातेवही आणि रोजमेळ असेच ताडून पाहत. आज संगणक आले, तरी वाचणारा एक आणि बोट ठेवणारा दुसरा, ही जोडी अजून कुणी निकालात काढलेली नाही.

हे लक्षात ठेवा

• तपासयादी आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा पूर्ण वाचल्याशिवाय होकार कळवू नका.

• नाव, पत्ता, पेट्यांची संख्या, निव्वळ आणि ढोबळ वजन, कंटेनर व सील क्रमांक, मालाचा सांकेतिक क्रमांक आणि बिलाचा क्रमांक या गोष्टी सर्व कागदांवर ताडून पाहा.

• चूक दिसली, तर आधी खरे काय ते पुराव्याने ठरवा. कागद जुळवण्यासाठी खरा आकडा बदलू नका.

• चूक आपणहून आणि लेखी कळवा. तपासणी सुरू होण्याची वाट पाहू नका.

• दुरुस्ती एका कागदावर करून थांबू नका. एजंट, जहाज कंपनी, बँक आणि खरेदीदार या सर्वांना कळवा.

• काट्याच्या पावत्या, नोंदवह्या, बिल्ट्या आणि पत्रव्यवहार तारखेसह जपून ठेवा. माल गेल्यावर तुमच्या बाजूने बोलणारे तेवढेच उरतात.